खुंटाशेजारी नवं रोप

फुलोरा तयार झाला की झाड उपटायचं नाही. जमिनीलगत धारदार कात्रीनं खोड कापायचं आणि मुळांचा सगळा पसारा होता तसा मातीत राहू द्यायचा. मग खुंटापासून वीतभर अंतरावर आच्छादन हातानं बाजूला सारायचं, मुठीएवढा खड्डा करायचा आणि पुढचं रोप लावायचं. या वाफ्याला कुदळ लागत नाही, त्यातली माती कोणी खालवर करत नाही, आणि तो कधी उघडा पडत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो या राज्यांत गांजाची कायदेशीर लागवड करणाऱ्यांचा एक लहान पण चिवट वर्ग झाडं या रीतीनं वाढवतो. ‘नो-टिल लिव्हिंग सॉइल’, म्हणजे न नांगरलेली जिवंत माती, हे तिचं तिथलं नाव.

भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा, म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, पिकवणं आणि बाळगणं गुन्हा आहे. ऑरेगनमध्ये २०१४च्या जनमत कौलानंतर एका घरामागे चार झाडं लावायची मुभा मिळाली. परवाना घेऊन मोठी शेती करणारे निराळे. तेव्हा हा लेख आपल्या परसात गांजा कसा लावावा हे सांगण्यासाठी नाही. मला रस आहे तो त्या झाडाखालच्या मातीत, आणि ती माती वर्षानुवर्षं टिकवताना या लोकांना जी शिस्त अंगी बाणवावी लागली तिच्यात.

ही रीत कशाविरुद्ध उभी राहिली ते आधी पाहायला हवं. बंदीच्या काळात गांजा लपवण्यासाठी तो घरात, तळघरात, दिव्यांखाली वाढवला जाऊ लागला. जागा कमी, वेळ कमी आणि पकडले जाण्याची भीती मोठी. अशा ठिकाणी माती म्हणजे फक्त झाड उभं ठेवण्याचं साधन झालं. वितळलेल्या दगडाचे धागे काढून बनवलेलं रॉकवूल, नाही तर नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यावर बाटलीतली विरघळणारी खतं. पीक निघालं की सगळं कचऱ्यात. उघड्यावर लागवड करणाऱ्यांतही दर हंगामाला पिशव्यांतली तयार माती विकत आणायची आणि वापरून झाली की टाकून द्यायची अशी सवय पसरली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या गांजासाठी प्रसिद्ध असलेल्या तीन डोंगराळ परगण्यांत ट्रकच्या ट्रक माती वर चढत असे. ज्या डोंगरावर रेडवूडची जंगलं उभी राहिली, तिथे बाहेरून माती न्यायची आणि सहा महिन्यांनी ती ओढ्याच्या काठी टाकायची, हे बघवणारं चित्र नव्हतं.

जिवंत मातीवाल्यांची कृती साधी आहे. एक भाग पीट मॉस, म्हणजे दलदलीतून खणून काढलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. एक भाग हवा खेळती ठेवणारं काही, म्हणजे प्युमिस, लाव्हाचे खडे किंवा भाताचं तूस. आणि एक भाग उत्तम कंपोस्ट किंवा गांडूळखत. अशा एका घनफूट मिश्रणात, म्हणजे सुमारे २८ लिटरमध्ये, समुद्री शेवाळाची भुकटी, खेकड्याच्या कवचाची भुकटी आणि निंबोळी किंवा करंजाची पेंड प्रत्येकी अर्धा कप. शिवाय बेसॉल्टसारख्या खडकाची पूड आणि जिप्सम. सगळं ओलवून काही आठवडे मुरत ठेवायचं. ही कृती तिथे ‘क्लॅकमस कूट’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या ऑरेगनच्या एका उत्पादकाच्या नावानं चालते. कोरफडीचा गर, नारळपाणी, मोड आलेल्या सातूचं पाणी वाफ्यावर ओतायची चालही त्याच्याच सांगण्यातून पसरली. आपल्या वेशीवरच्या करंजाची पेंड पॅसिफिकच्या काठी आवडीनं खरेदी केली जाते, हे वाचून कोकणातल्या शेतकऱ्याला आश्चर्य वाटेल. नायट्रोजन सावकाश सोडणारं, शिवाय किडीला अटकाव करणारं खत म्हणून तो पेंडेकडे पूर्वीपासून पाहत आला आहे.

या मिश्रणाचा सांगाडा १९६०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बूडली आणि रेमंड शेल्ड्रेक यांनी रोपवाटिकांसाठी बसवलेल्या पीटच्या मिश्रणावरून आला. त्यांना हवं होतं ते हलकं, सगळीकडे सारखं आणि रोगजंतू नसलेलं माध्यम. गांजावाल्यांनी सांगाडा तोच ठेवला आणि त्यात नेमकं तेच भरलं जे बूडली-शेल्ड्रेक यांनी बाहेर ठेवलं होतं: कंपोस्टमधले जिवाणू, बुरशी, गांडुळं. कंपोस्ट इथे विरजणाचं काम करतं, म्हणून त्याच्या प्रतीबाबत हे लोक कमालीचे काटेकोर असतात. वाईट कंपोस्ट घातलं तर बाकीचे सगळे जिन्नस वाया गेले, असा त्यांचा अनुभव आहे.

कंपोस्टचा हा धागा मागे ओढत नेला की तो थेट इंदूरला पोचतो. होळकरांच्या संस्थानात १९२४ साली उभ्या राहिलेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’मध्ये अल्बर्ट हॉवर्ड १९३१पर्यंत संचालक होते. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी परतून, सुमारे तीन महिन्यांत कसदार खत बनवण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथे घडली. १९३१ साली ती पुस्तकरूपानं आली तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती, हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचं नाव कायम घेतलं जातं, वाडांचं क्वचित. मला ही मोठी उणीव वाटते. मराठी वाचकानं तरी ते दुसरं नाव लक्षात ठेवावं. पुढे १९४०च्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथात हॉवर्डनी मुळं आणि बुरशी यांच्या सहजीवनावर भर दिला, आणि आजच्या जिवंत मातीचा सगळा डोलारा त्या सहजीवनावरच उभा आहे.

झाड पानांत बनवलेल्या साखरेचा काही हिस्सा मुळांवाटे मातीत सोडतं. त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसल्या जातात. जिवाणूंना आदिजीव आणि सूत्रकृमी खातात, आणि त्यांना नको असलेला जास्तीचा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात मुळांजवळच बाहेर पडतो. म्हणजे खत झाडाच्या तोंडाशी तयार होतं. मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलेन इंगहॅम यांनी मातीतली ही अन्नसाखळी सामान्य बागायतदारांपर्यंत पोचवली. अलास्कातले वकील आणि बागकामावरचे स्तंभलेखक जेफ लोवेनफेल्स यांनी वेन लुईस यांच्यासह २००६ साली लिहिलेलं ‘टीमिंग विथ मायक्रोब्स’ हे गांजा उत्पादकांच्या हाती पडलं आणि घरोघरचं पुस्तक झालं. दुसरीकडे मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळांत शिरतात, आणि मूळ जिथे पोचू शकत नाही तिथलं स्फुरद आणून देतात. गांजाचं झाड हे नातं जोडतं. पण दोन गोष्टींनी ते बिघडतं: विरघळणाऱ्या स्फुरदाचा मारा आणि मातीची उलथापालथ. पहिल्यानं झाडाला बुरशीची गरजच उरत नाही, दुसऱ्यानं तंतूंचं जाळं तुटतं. नांगर न घालण्यामागचं कारण हे आहे.

एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नावगावच्या गांजाच्या शेतांत याच्या उलट चाले. रान पुन्हापुन्हा नांगरून भुसभुशीत करायचं आणि शेणखत व पेंड सढळ हातानं घालायची. पेंड तिथेही होती. बदललं ते नांगराचं स्थान. नांगरट करून हवा आत घालण्याऐवजी जुन्या मुळांनाच ते काम सोपवलं गेलं. कापलेल्या झाडाची मुळं कुजतात, त्यांच्या जागी नळ्या उरतात. त्या नळ्यांतून पाणी आणि हवा उतरते, गांडुळं त्याच वाटांनी फिरतात, नवीन मूळही बहुधा तीच वाट धरतं. वर क्लोव्हर, वेच यांसारखी द्विदल हिरवळ दाट वाढू देतात, मग कापून जागच्या जागी पाडतात. झाडाची छाटलेली पानंही तिथेच. दोन पिकांच्या मध्ये थोडं गांडूळखत आणि पेंड वरून पसरायची, एवढीच भर.

हे सगळं ऐकायला निवांत वाटतं. प्रत्यक्षात पाण्यापाशी भल्याभल्यांची कसोटी लागते. रॉकवूलमध्ये पाणी चुकलं तर संध्याकाळी दुरुस्त करता येतं. इथे वाफा पूर्ण वाळला तर जिवाणूंची वस्ती ओसरते आणि पीट कोरडं पडून पाणी धरेनासं होतं. फार ओला राहिला तर मुळं गुदमरतात. कायम वाफसा हवा. म्हणून बरेच जण मातीत सिरॅमिकचं टोक रोवलेला, ओल मोजणारा टेन्शिओमीटर ठेवतात, किंवा ऑस्ट्रियात बनणारी ब्लूमॅट ही ठिबकाची जोडणी वापरतात. तिच्यात पाण्यानं भरलेला सिरॅमिकचा शंकू मातीच्या ओलीप्रमाणे नळी आपोआप उघडतो नि मिटतो, वीज लागत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन रात्रभर बादलीत ठेवूनही उडत नाही. ते गाळून काढावं लागतं. वाफाही लहान चालत नाही. लहान कुंडीत ही जीवसृष्टी सहसा तग धरत नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल कापडी वाफा हे घरगुती माप झालं आहे.

ओलसर मातीवर चिलटं येतात. त्यांच्या अळ्या खाणारे सूक्ष्म कोळी (माइट) वाफ्यात सोडून त्यांचा बंदोबस्त होतो. मुळांवरचा मावा मात्र भयंकर. दरवर्षी माती फेकणारा त्याच्यासकट फेकून मोकळा होतो, ही सोय इथे नाही.

धातूंचा प्रश्न त्याहून खोल आहे. गांजाचं झाड कॅडमियम, शिसं असे जड धातू मातीतून ओढून घेण्यात तरबेज आहे. १९९८ साली चेर्नोबिलच्या परिसरातली दूषित जमीन साफ करण्यासाठी हेम्प, म्हणजे याच झाडाचं नशा न आणणारं वाण, लावून पाहिलं होतं ते यामुळेच. खडकाची पूड, शेवाळ, खेकड्याचं कवच ही सगळी नैसर्गिक द्रव्यं खरी, पण त्यांतून आर्सेनिक किंवा शिसं येऊ शकतं, आणि न फेकलेल्या मातीत ते दर भरीबरोबर साठत जातं. कॅलिफोर्नियात विक्रीपूर्वी मालात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा तपासणं बंधनकारक आहे. या रीतीचं मोठेपण मला इथे दिसतं. पाच वर्षांपूर्वी घातलेली निकृष्ट पूड आजच्या फुलात उतरते आणि प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येते. म्हणून चांगले उत्पादक प्रत्येक जिन्नसाचा तपासणी अहवाल मागतात, वाफ्याची माती नेमानं तपासतात, आणि तक्त्यात कमतरता दिसल्याखेरीज काही घालत नाहीत. या मातीतल्या फुलाला वास अधिक भरतो असं ते छातीठोकपणे सांगतात. मला त्या दाव्यापेक्षा त्यांची ही सावधगिरी जास्त मोलाची वाटते.

एवढं करूनही त्यांना मालावर अमेरिकेच्या कृषी खात्याचा ‘ऑरगॅनिक’ शिक्का लावता येत नाही. तो केंद्राचा आहे, आणि राज्यांनी काहीही ठरवलं तरी केंद्राच्या १९७०च्या कायद्यात गांजा निषिद्धच राहिला. २०१८च्या शेती कायद्यानं हेम्पला वाट मिळाली, गांजाला नाही. मग कॅलिफोर्नियानं ‘ओकॅल’ नावाची समांतर प्रमाणपद्धती सुरू केली. त्याआधी २०१९ साली ‘सन अँड अर्थ’ हे खासगी प्रमाणपत्र आलं. त्याची अट कडक आहे: झाड उन्हात आणि जमिनीत वाढलेलं हवं, दिव्याखालचं चालणार नाही.

ही अट मला पूर्ण मान्य आहे. ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’त २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासानुसार अमेरिकेत बंद खोलीत एक किलो वाळलेली फुलं पिकवताना, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. दिवे, वातानुकूलन, हवा सुकवणारी यंत्रं यांचा हा हिशेब आहे. वाफ्यात कितीही गांडुळं नांदत असली तरी छताला टांगलेल्या दिव्यांचा भार त्यांच्यानं उचलला जाणार नाही. पीटचंही तसंच. हजारो वर्षं साचलेल्या दलदली खणून ते काढतात, आणि खणलं की त्यात अडकलेला कार्बन मोकळा होतो. माती एकदाच भरून वर्षानुवर्षं वापरली तर पीट एकदाच लागतं, ही नो-टिलची जमेची बाजू. तरी लागतं हे खरंच. हम्बोल्टच्या काही शेतांत आता ओंडके आणि फांद्या पुरून त्यांवर पालापाचोळा, खत आणि डोंगराचीच माती रचून वाफे उभारतात. लाकूड सावकाश कुजतं, पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतं, आणि पीटची गोणी घाट चढून न्यावी लागत नाही. वाड आणि हॉवर्ड यांनीही इंदूरला ढीग रचले ते शेतात जे उरलं होतं त्यातूनच.