शुक्र येण्यापूर्वी

चेन्नईतील नुंगमबाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना स्तंभ उभा आहे. १७९२ साली बांधलेल्या मद्रास वेधशाळेची ती खूण होय. याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे साहाय्यक होते.

९ डिसेंबर १८७४ च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. दूरदूरच्या ठिकाणांहून या अधिक्रमणाचे वेध घेतले, तर सूर्याचे अंतर काढता येते. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहावे. मागच्या भिंतीवर बोट सरकलेले भासते. त्या सरकण्यावरून बोट किती लांब आहे, हे गणिताने सांगता येते. तत्त्व तेच.

रघुनाथाचारींनी इंग्रजीबरोबरच कन्नड, उर्दू अशा देशी भाषांतूनही पुस्तिका सिद्ध करून हा प्रसंग लोकांना आधीच उलगडून सांगितला.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाची मोहीम मंजूर केली. मार्च २०२८ मध्ये ते सोडण्याचे योजिले आहे. त्या दिवशी मुले पडद्यावर ज्वाळा पाहतील. परंतु आकाराने पृथ्वीची जणू बहीण असलेल्या शुक्राचा पृष्ठभाग शिसे वितळावे इतका का तापला, हे कोणी आधी सांगितले नसेल, तर ती केवळ आतषबाजी ठरेल. सांगणे शिक्षकांचे काम. त्यांच्या हाती मातृभाषेतील पुस्तिका वेळेवर देणे आम्हां सरकारी सेवकांचे. श्रोतेहो, रघुनाथाचारींची पुस्तिका शुक्राच्या आधी पोचली होती.