ग्रीन कारचा अवॉर्ड आणि कोडमधली एक कंडिशन

'अमुक कंपनी पर्यावरणपूरक' अशी बातमी फीडमध्ये रोज एखादी तरी येतेच. अशा बातम्यांमुळे कंपनीची इमेज कशी बनते आणि कशी पडते, ते आज फोक्सवॅगनच्या उदाहरणातून बघूया.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या 'ग्रीन कार जर्नल'ने फोक्सवॅगनच्या जेट्टा टीडीआयला २००९ ची 'ग्रीन कार ऑफ द इयर' ठरवलं. डिझेल असूनही स्वच्छ, असं कंपनी जाहिरातीत सांगतच होती. पण तेच एखादं मॅगझिन म्हणालं की आपल्याला जास्त पटतं. कारण मायलेज आपल्याला कळतं, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड घरी मोजता येत नाहीत. तिथे दुसऱ्याच्या शब्दावरच भरवसा.

गडबड कोडमध्ये होती. स्टिअरिंग किती फिरतंय, वेग किती आहे, यावरून सॉफ्टवेअर ओळखायचं की गाडीची टेस्ट सुरू आहे. टेस्ट असेल तर प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालू, रस्त्यावर आली की ढिलं. मी रोज कोड लिहितो, म्हणून सांगतो: अशी कंडिशन चुकून लिहिली जात नाही.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टीमने गाड्या रस्त्यावर चालवून केलेल्या मोजणीचा रिपोर्ट २०१४ मध्ये आला. आकडे भलतेच निघाले. पण रिपोर्टमध्ये गाड्यांची नावंच नव्हती, त्यामुळे गाजावाजा झाला नाही. मग १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, नाव घेऊन सांगितलं: प्रदूषण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत! बातमी जगभर गेली. पुढच्या आठवड्यात दोनच दिवसांत शेअर जवळपास एक तृतीयांश घसरला, सीईओ मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. जेट्टाचा अवॉर्डही परत घेतला गेला. जगभरात १.१ कोटी गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर निघालं. भारतातही ३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या.

आता गंमत बघा. धूर २०१४ मध्येही तोच होता. इमेज पडली ती नाव छापून आल्यावर. आणि इतकी जोरात पडली, कारण आधीच्या कौतुकानेच तिला उंच नेऊन ठेवलं होतं. नुसत्या प्रदूषणावर लोक कुरकुरतात. फसवणूक झाली की मात्र चिडतात.

म्हणून पुढची 'ग्रीन' बातमी शेअर करण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे मोजलं कोणी? कंपनीने स्वतः, की बाहेरच्या कुणी, प्रत्यक्ष रस्त्यावर? उत्तर बातमीत नसेल, तर ती जाहिरात समजून वाचा.

चला, भेटू पुढच्या भागात!