‘कायम’ नोकरी सुटताना आपला विमा

आपल्या मुलाने वा मुलीने कायमची नोकरी सोडून दोन वर्षांच्या मुदतीची, पण मनाजोगती संशोधनाची जागा पत्करायचे ठरवले, तर आपल्याला प्रथम चिंता वाटते ती तिसऱ्या वर्षाची. ‘कायम’ या एका शब्दासाठी आपल्या पिढीने आयुष्य वेचले. ही धास्ती स्वाभाविकच. मात्र आपल्या वयात आधी विचारावे ते निराळेच: त्या नोकरीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आपले नाव आहे काय? असल्यास, त्या नोकरीचा शेवटचा दिवस हाच बहुधा आपल्या विमासंरक्षणाचाही शेवटचा दिवस ठरतो.

म्हणून राजीनाम्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करावा. तो मान्य झाल्यास पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. अगदी नव्याने पॉलिसी घेतल्यास मधुमेहासारख्या जुन्या विकारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. अर्जात काहीही लपवू नये. (मधुमेहाला ‘थोडी साखर’ म्हणण्याची आपली सवय येथे फार महागात पडते.)

वयाची ७० वर्षे पूर्ण असतील, तर आयुष्मान वय वंदना कार्ड अवश्य काढावे. उत्पन्नाची अट नाही; कुटुंबातील ज्येष्ठांसाठी मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. रुग्णालय मात्र योजनेतीलच हवे, आणि रोजच्या औषधांचा खर्च त्यात येत नाही.

नव्या पॉलिसीचा हप्ता कोणी भरायचा, हे मुलांबरोबर बसून ठरवावे. होकार-नकाराचे बोलणे त्यानंतर; आणि तेव्हाही आपला रक्तदाब मध्ये आणू नये.