हौदातला उंदीर आणि धोतरा

उंदराला दोन्ही तळव्यांत धरून संशोधक विद्यार्थिनीने त्याचं तोंड हौदाच्या भिंतीकडे केलं आणि अलगद पाण्यात सोडलं. हौद गोल, पाच-सहा फूट व्यासाचा. पाणी कोमट आणि दूध पावडर टाकून गढूळ केलेलं. त्यात कुठेतरी, पृष्ठभागाच्या जेमतेम सेंटिमीटरभर खाली, उंदराला उभं राहता येईल एवढा चौथरा आहे. तो दिसत नाही. खोलीच्या भिंतींवरच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवावी लागते. रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये मांडलेली ही चाचणी आज पुण्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असते.

निरोगी उंदीर चार-पाच दिवसांत सरावतो आणि थेट चौथऱ्याकडे पोहतो. शेवटी चौथरा काढून घेतात, तरी तो त्याच भागात घुटमळत राहतो. ते घुटमळणं म्हणजे स्मृती. स्टॉपवॉचवर तीच मोजतात.

मी पाहिला तो उंदीर मात्र भिंतीला खेटून गोल गोल पोहत राहिला. ठरलेली वेळ संपली तेव्हा विद्यार्थिनीने त्याला हाताने चौथऱ्यावर नेलं, मग फडक्याने पुसून पिंजऱ्यात ठेवलं. त्याला स्कोपोलामिन टोचलं होतं.

स्कोपोलामिन आमच्या सारोळा गावात रस्त्याकडेला उगवतं. धोतऱ्यात ते असतं. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहायचा तो हाच धोतरा. पोटात गेला तर माणूस भ्रमिष्ट होतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मेंदूत आठवणीच्या कामाला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाची वाट स्कोपोलामिन अडवतं.

अशा विसराळू केलेल्या उंदरांना नैराश्यावरची औषधं देऊन स्मृती सावरते का, हे पाहतात. तुलनेसाठी एका गटाला डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध देतात. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने फरक पडल्याच्या नोंदी आहेत. 2014 मध्ये सिटालोप्राम या तशाच औषधाने उंदरांच्या मेंदूतल्या, स्मृतिभ्रंशाशी जोडल्या जाणाऱ्या अमायलॉइडच्या गाठींची वाढ थोपवल्याचंही दिसलं. पण ही औषधं पोहण्याचा जोरही बदलू शकतात, म्हणून वेग वेगळा मोजावा लागतो. जिथे तो मोजलेला नाही, तिथल्या निष्कर्षावर मी तरी विसंबणार नाही.

शिवाय उंदरातला स्कोपोलामिनचा अंमल काही तासांत उतरतो. माणसाच्या स्मृतिभ्रंशात मात्र मेंदूच्या पेशी वर्षानुवर्षं मरत जातात. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 326 रुग्णांवर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधं तपासली गेली. स्मृती तर दूरच, नैराश्यही नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त हटलं नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

मला या हौदाचा खरा उपयोग वेगळाच वाटतो. नैराश्यावरची सगळी औषधं एका माळेचे मणी नाहीत, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. ॲमिट्रिप्टिलिन हे त्यांतलंच एक जुनं औषध. झोपेसाठी, नसांच्या दुखण्यासाठी ते आजही म्हाताऱ्यांना दिलं जातं. धोतरा जी वाट अडवतो, तीच तेही काही अंशी अडवतं. वय झालेल्या मेंदूला तेवढंही जड जाऊ शकतं.

तेव्हा घरातली आजी अलीकडे जास्त विसरायला लागली असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. तिच्या उशाखालची गोळ्यांची सगळी पाकिटं, दुखण्याची, झोपेची, सर्दीची, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी मनाने बंद करू नका.