वावर पाहायला आलेले पाहुणे

पांढरकवड्यात थांबलेला माणूस बहुधा पुढे निघालेला असतो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ गावाला खेटून जातो. मागे दीडशेएक किलोमीटरवर नागपूर, पुढे पाटणबोरी, मग पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. ट्रकवाले चहा घेतात, टायर ठोकून पाहतात, निघतात. गावाच्या वाट्याला स्वतःच्या नावाचा तालुकाही आलेला नाही. तहसील कचेरी इथे असली, तरी कागदावर तालुका केळापूर. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेवढे दिवस मात्र पाहुणा खरोखर इथेच यायला निघालेला असतो.

इतिहासातला सर्वांत नावाजलेला पाहुणाही घाईत होता. इंग्रजी फौजा पाठीवर घेऊन धावणारा दुसरा बाजीराव एप्रिल १८१८ मध्ये या मुलखात आला. १७ एप्रिलला कर्नल अ‍ॅडम्सने त्याला पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठलं. पेशवा निसटला आणि जूनमध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. बाजीरावाला इथल्या शेतीशी काही घेणंदेणं नव्हतं. पऱ्हाटीकडे निरखून पाहणारे पाहुणे आले ते पुढच्या पन्नास वर्षांत.

त्याला कारण झाली अमेरिका. १८५३ मध्ये निजामाकडून हा वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला होता आणि १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाडच्या काळ्या कसदार मातीचं महत्त्व एकाएकी वाढलं. त्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कारनॅक हा कॉटन कमिशनर नेमला गेला. माणूस भलताच चौकस. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळंही त्याने उकरून पाहिली. पण सरकारला पाठवलेल्या त्याच्या अहवालांत लक्ष एकाच गोष्टीवर होतं: कापूस जास्त कसा निघेल आणि बंदरावर लवकर कसा पोचेल. रेल्वे आली की विलायती कापड स्वस्त येईल, इथल्या कापडाला ते बाजारातून हटवेल, सूत कातणारे आणि विणणारे हात मोकळे होतील आणि शेतमजुरीला लागतील, असा हिशेब त्याने उघडपणे मांडून ठेवला आहे. वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या सरळपणामुळे. आडपडदा कुठेच नाही. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला जातीने आला, तेव्हा हा हिशेब रुळांवर चढला होता.

या साहेब मंडळींना हवा होता बनी कापूस. वणी आणि वर्धा भागातलं हे देशी वाण, धागा लांब आणि मऊ, हिंगणघाटच्या बाजारात नावाजलेलं. अडचण अशी की बनी उशिरा पिके आणि सरकी काढल्यावर तिची रुई कमी भरे. जरी नावाचा भरड कापूस लवकर येई, रुई जास्त देई. भावातला फरक ही तूट भरून काढण्याइतका नव्हता. साहेब बनीचे गोडवे गात राहिले आणि शेतकऱ्याने जरी पेरली. इथल्या मातीतलं हे बहुधा सर्वांत जुनं कृषी-मार्गदर्शन, आणि त्यात शहाणपणा मार्गदर्शकाकडे नव्हता.

नेमक्या याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक शेत बघ्यांनी गजबजलं होतं. अमेरिकेत डाकोटाच्या गवताळ माळावर ऑलिव्हर डॅलरिंपल हजारो एकरांत गहू पिकवत होता. १८७३ च्या मंदीत नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे बुडाली आणि तिच्या संचालकांनी रोख्यांच्या बदल्यात जमिनी घेतल्या, त्यांतून ही अवाढव्य शेती उभी राहिली. आगगाडीने पत्रकार यायचे, गुंतवणूकदार यायचे. १८७८ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष हेज येऊन गेले. तिथे कोण कोण आलं याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाचं काम त्यामानाने सोपं: शेत एक, कारभारी एक, आणि पाहुणे लिहिते.

पांढरकवड्याच्या बाजूने असाच शोध घ्यायला बसलं, तर चित्र उलटं दिसतं. पाहुण्यांची नावं मिळतात, यजमानाचं मिळत नाही. आल्फ्रेड लायलचं १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर आहे, १९०८ चं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, कॉटन खात्याचे अहवाल आहेत. त्यांत माती आहे, पाऊस आहे, सारा आहे. ज्याच्या धुऱ्यावर उभं राहून साहेबाने बोंड फोडून पाहिलं, तो कुणबी किंवा कोलाम मात्र त्यांत नावानिशी भेटणं कठीण. लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या ग्रंथात याच कागदपत्रांतून दुसरी गोष्ट बाहेर काढली. कापूस वाढत गेला तसं चराईचं रान आणि घरातलं धान्य आटत गेलं, आणि शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा या समृद्ध म्हणवणाऱ्या मुलखात माणसं भुकेने मेली.

एकविसाव्या शतकात वावर पाहणाऱ्यांची दुसरी रांग लागली. कारण या वेळी शेतकरी आत्महत्यांचं होतं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ मध्ये राहुल गांधींनी मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचं नाव लोकसभेत घेतलं आणि त्या घरापुढे कॅमेऱ्यांची रांग लागली. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला चहावर चर्चा करून गेले. १६ फेब्रुवारी २०१९ ला ते पंतप्रधान म्हणून थेट पांढरकवड्यात आले, महिला बचत गटांच्या मेळाव्याला. पुलवामाच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते. साहजिकच देशभर त्या भाषणातलं पुलवामा तेवढं ऐकू गेलं. गावाचं नाव त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर होतं, बातमी दुसरीच होती.

हल्ली मात्र गावात मुक्काम करणारा पाहुणा विचारतो तो वाघाबद्दल. पांढरकवड्याला लागून टिपेश्वर अभयारण्य आहे: १४८.६३ चौरस किलोमीटर, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, टिपाई देवीच्या नावावरून ओळखलं जाणारं. सुन्ना फाटकातून सकाळ-संध्याकाळ जिप्सी आत शिरतात. वाघांना ही जागा अपुरी पडते, म्हणून ते निघतात. कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये इथून बाहेर पडला तो तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याची वाट जंगलातून कमी आणि तूर-कापसाच्या वावरांतून जास्त गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ ला, राळेगावजवळच्या बोराटीत ‘अवनी’ वाघीण गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. दिल्ली-मुंबईत तिच्यासाठी मोर्चे निघाले. ज्यांना त्याच शिवारात रोज वेचणीला जावं लागत होतं, त्यांचं म्हणणं मोर्चापर्यंत फारसं पोचलं नाही.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. पहिल्या वेचणीआधी घरची बाई वावरात सीतादही मांडते, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवते, मगच ओट्यात पहिलं बोंड पडतं. अभयारण्य उघडून तोवर महिनाभर होत आलेला असतो. सुन्नाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा बाजूच्या वावरांत वेचणाऱ्या बायाही पोचलेल्या असतात. दव सुकायची वाट पाहत त्या धुऱ्यावर बसतात, कारण ओला कापूस वेचला तर जिनिंगवर भाव कापतात. गाड्या जवळून जातात. कॅमेरे अजून पिशव्यांतच असतात; ते निघतात फाटकाच्या आत गेल्यावर.