पाणचक्की, पुजारी आणि ऊर्जेचा हिशोब

छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) शाळेची सहल आली की पाणचक्की पाहणे ठरलेलेच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या या चक्कीवर एके काळी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. तिच्या मूळ रचनेत पंप नाही. तरीही पाणी भिंतीतून वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. "सर, ही जादूच ना?" असे एखादा विद्यार्थी विचारतोच.

उत्तर देण्यापूर्वी एक खेळ पाहू. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, फासे टाकायचे, काय घडले ते सूत्रधाराने सांगायचे. यात जादू आहे, पण ती मोकाट नाही. 2014 च्या आवृत्तीत पाणी निर्माण करणारा पहिल्या पातळीचा मंत्र एका वेळी 10 गॅलन, म्हणजे सुमारे 38 लीटर पाणी देतो. नवशिक्या पुजाऱ्याला अशा पातळीचे मंत्र दोनदाच वापरता येतात; मग पूर्ण विश्रांती घ्यावी लागते.

आता या पुजाऱ्याला चक्की चालवायला सांगू. त्याने 6 मीटर उंचीच्या हौदात पाणी निर्माण केले असे समजा. 38 किलोग्रॅम × 9.8 × 6, म्हणजे सुमारे 2,200 ज्यूल ऊर्जा मिळाली. चक्कीला 1 अश्वशक्ती, म्हणजे 746 वॅट लागतात आणि ऊर्जा कुठेही वाया जात नाही असे धरले, तरी ती फिरेल जेमतेम 3 सेकंद! तासभर दळायला 1,200 मंत्र हवेत. रोज दोन या हिशोबाने 600 दिवस लागतील.

येथे जादूचा आणि यंत्राचा नियम कुठे भेटतात? पाणी हौदात प्रकटले त्या क्षणी वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचा नियम मोडला. त्यानंतर मात्र गुरुत्वाकर्षण, पाती आणि जाते आपापल्या नियमांनीच चालतात. म्हणूनच चांगला सूत्रधार कोणता नियम मोडला ते आधी सांगतो आणि बाकीचे तसेच ठेवतो.

खऱ्या पाणचक्कीत एकही नियम मोडत नाही. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते. उगम उंचावर असल्याने बंद नळातले पाणी जवळजवळ त्या पातळीपर्यंत चढू शकते. घर्षणामुळे थोडे कमीच. उगमाला ही उंची दिली पावसाने, आणि पावसाचे पाणी वर नेले सूर्याने. पुजारी थकतो, झऱ्याला पाणी आहे तोवर चक्की थकत नाही.

वर्गात हा खेळ जरूर घ्यावा. मुलांना हवी ती जादू ठरवू द्या, पण तीन प्रश्न विचारा: किती? कितीदा? कोणता नियम मोडला? ही सवय लागली की उद्या कोणी खरोखरच चमत्काराचा दावा केला, तर तेच तीन प्रश्न त्यांच्या ओठांवर येतील. खेळातला पुजारी त्यांची उत्तरे देतो. दावा करणारा देतो का, ते मुलांनाच पाहू द्या.