सरासरी ६७.४, मग अडलं कुठं?

केशोरी म्हटलं की पूर्व विदर्भात मिरची आठवते, आणि मिरचीच्या आजूबाजूला सगळीकडे धान. अर्जुनी-मोरगाव तालुक्याच्या या टोकाला धंदाही बहुतेक याच दोन मालांभोवती फिरतो: राइस मिल, कृषी केंद्र, धानाची खरेदी-विक्री, मिरचीपूड पॅक करून विकणारे बचत गट. यातला प्रत्येक जण रोज आकडे पाहून निर्णय घेतो. तरी सरासरी आणि टक्केवारीच्या पुढचं संख्याशास्त्र म्हणजे शहरातल्या एमबीएवाल्यांचं काम, असाच सर्वसाधारण समज आहे.

हे शास्त्र मात्र शेतमालाच्या फार जवळ वाढलं. लहान नमुन्यावरून अंदाज बांधायची ‘टी’ कसोटी १९०८ साली विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. तो डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता आणि त्याच्यापुढचे प्रश्न बार्लीसारख्या कच्च्या मालाचे होते. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाचं उत्पादन मोजण्याच्या नमुना पद्धतीला शिस्त आणली. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

गैरसमज: सरासरी कळली की निर्णय घेता येतो

सरकारी धान भरडाईला घेतलं की साध्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो. आता समजा, एका मिलवाल्याने करार करण्याआधी नऊ लॉट भरडून पाहिले. सरासरी उतारा आला ६७.४ किलो. घरचे म्हणतात, सदुसष्टच्या वर आहे, घ्या काम. सरासरी खरी आहे, पण अर्धीच गोष्ट सांगते.

लॉट सारखे नव्हते. कुठे ६५.५, कुठे ६९. सरासरीपासूनची ही पांगापांग मोजतात ती प्रमाण विचलनाने, ते १.५ किलो आलं असं धरू. नऊचं वर्गमूळ तीन, म्हणून १.५ भागिले ३, म्हणजे ०.५ ही सरासरीची प्रमाण त्रुटी. नऊ लॉटसाठी ‘टी’च्या कोष्टकातला आकडा २.३०६. गुणाकार साधारण १.१५. म्हणजे मिलची खरी सरासरी ६६.२५ ते ६८.५५ या पट्ट्यात कुठेही असू शकते. अशा रीतीने शंभर वेळा पट्टा काढला तर साधारण ९५ वेळा खरी सरासरी त्यात सापडते, एवढाच भरवसा गणित देतं.

६७ हा आकडा त्या पट्ट्याच्या आतच आहे. खरा उतारा खालच्या टोकाला असेल तर दहा हजार क्विंटल धानामागे ७५ क्विंटल तांदूळ कमी पडेल, आणि तो खिशातून भरावा लागेल.

मग लॉट वाढवू. सरासरी आणि विचलन तेच राहिलं असं धरून ३६ लॉट घेतले तर पट्टा ६६.८९ ते ६७.९१ होतो. अजून खात्री नाही. ६४ लॉटना तो ६७.०३ ते ६७.७७ होतो आणि पूर्णपणे ६७च्या वर जातो. खात्री वाढते ती वर्गमुळाच्या हिशेबाने: त्रुटी निम्मी करायची तर लॉट चौपट लागतात. शिवाय हे ६४ लॉट एकाच आठवड्यात, एकाच गोदामातून आलेले असतील तर ते खऱ्या अर्थाने ६४ नव्हेतच. एकाच ढिगातलं धान एकसारखंच ओलं किंवा वाळलेलं असतं. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, पण मर्यादेच्या आतही लॉट-लॉटमध्ये बराच फरक पडतो. वेगवेगळ्या जातींचं, वेगवेगळ्या तारखांचं धान त्यात यायला हवं. माझ्या मते मिलवाल्याने संख्याशास्त्रातलं दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, एवढं शिकावंच.

गैरसमज: नमुना एकूण मालाच्या दहा टक्के तरी हवा

तसा नियम नाही. नमुना मूळ मालाच्या मानाने लहान असला की अचूकता ठरते ती नमुन्यातल्या नगांच्या संख्येवर आणि मालातल्या फरकावर. मूळ ढीग हजार पोत्यांचा आहे की लाखाचा, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते निवडीने. थप्पीच्या पुढच्या पोत्यांतूनच मूठभर धान काढलं तर नमुना कितीही वाढवा, मागच्या ओल्या पोत्यांचा पत्ता लागणार नाही.

पीक कापणी प्रयोगात म्हणून शेत आणि शेतातला तुकडा यादृच्छिक संख्यांनी निवडतात. धानासाठी आपल्याकडे १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखून कापतात. तुकडा इतका मोठा का, याचं उत्तर सुखात्म्यांच्या कामात आहे. १९४०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये फार लहान तुकडे कापून अंदाज काढत. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा अगदी लहान असला की उत्पादन फुगून दिसतं. कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ‘आत’कडे झुकतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडाच जास्त असते. अशी चूक हजार प्रयोग केले तरी जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते.

या प्रयोगांच्या आधारे महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरतं आणि पीक विम्याचा हिशेब त्या सरासरीवर होतो. आपल्या बांधीत काहीच पिकलं नाही तरी विमा का मिळत नाही, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे. उत्तर असं की तिथे मोजलं जातं ते मंडळ. एकेका शेताचं नुकसान त्या सरासरीत दिसत नाही, आणि हा दोष प्रयोग करणाऱ्यांचा नसून विम्याच्या रचनेचा आहे.

गैरसमज: कसोटीत ‘सार्थक’ आलं की फरक महत्त्वाचा

‘सार्थक’ ठरवणारी ५ टक्क्यांची रेघ रूढ झाली ती मुख्यतः संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या १९२५च्या पुस्तकामुळे. तिचा अर्थ इतकाच: मुळात काही फरक नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता शंभरात पाचाहून कमी आहे. आपला दावा ९५ टक्के खरा आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. मिरचीपुडीचं नवं पाकीट हजारो गिऱ्हाइकांवर अजमावलं तर विक्रीतली एका टक्क्याची वाढही ‘सार्थक’ ठरू शकते. पाकिटाचा जादा खर्च त्यातून निघतो का, हे कसोटी सांगत नाही. ते गटाने वेगळं मांडून पाहायचं.

गैरसमज: आधी टॉनिक, मग वाढ, म्हणजे टॉनिकचाच गुण

मिरची किंवा धान एखाद्या वर्षी फारच वाईट गेलं की शेतकरी कृषी केंद्रात येतो, नवं टॉनिक घेतो आणि पुढच्या वर्षी पीक सुधारतं. उलट, गावात सगळ्यात जास्त पिकवणाऱ्याचा सत्कार झाला की पुढच्या हंगामात त्याचं उत्पादन घसरतं आणि लोक म्हणतात, दृष्ट लागली. दोन्हींमागे एकच कारण असू शकतं. टोकाच्या निकालात कसबाबरोबर नशिबाचाही वाटा असतो: पावसाची वेळ, पाण्याची पाळी, रोवणीला मजूर मिळाले की नाही. पुढच्या वर्षी नशीब तसंच राहत नाही, म्हणून आकडा सरासरीकडे परततो. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं, आणि आज ज्याला समाश्रयण (रिग्रेशन) म्हणतात त्याची सुरुवात तिथली.

दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, ही समजूतही याच जातीची. पाऊस चांगला झाला की धानही वाढतं आणि तणनाशकाची विक्रीही.

टॉनिकचा गुण पाहायचाच असेल तर खर्च फार नाही. केशोरी परिसरातल्या वीस तयार शेतकऱ्यांची यादी करावी आणि कोणी फवारायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं: दहांनी फवारायचं, दहांनी नाही. ज्यांचं पीक गेल्या वर्षी बुडालं त्यांनाच टॉनिक दिलं तर प्रयोग तिथेच वाया गेला. मोजणाऱ्याला कोणती बांधी फवारलेली आहे ते सांगू नये. मग दोन्ही गटांच्या एकरी उत्पादनाची सरासरी आणि विचलन काढून टी कसोटी लावायची. संगणकावरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये ती तयार असते. दोन सरासरींमधल्या फरकाचा पट्टा काढून तो टॉनिकच्या एकरी खर्चाशी ताडून पाहावा आणि कृषी केंद्राने पुढच्या हंगामाचा माल त्यानंतरच मागवावा.